घावन तव्याला चिकटतं? पिठाला दोष देऊ नका

घावन बिघडलं की सगळे पिठाच्या मागे लागतात. कुणी म्हणतं दोन चमचे रवा घाला, कुणी म्हणतं बेसन, कुणी अंडं, कुणी चिमूटभर सोडा. मी हे सगळे उपाय करून पाहिले आहेत आणि त्यातला एकही करू नका असं स्पष्ट सांगते. घावन म्हणजे तांदूळ, पाणी आणि मीठ. रवा घातला की ते खरखरीत होतं, बेसन घातलं की धिरडं होतं, सोड्याने नुसती चव जाते. आणि तव्याला चिकटायचं ते चिकटतंच, कारण बिघाड पिठात नसतोच. दहापैकी नऊ वेळा तो तव्याच्या तापात असतो.

आधी एक घोळ दूर करते. आंबोळी वेगळी, घावन वेगळं. आंबोळीच्या पिठात उडीद आणि मेथी असते, ते रात्रभर आंबवतात आणि ती जाडसर, मऊ होते. घावनाचं पीठ आंबवत नाहीत. ते पातळ असतं आणि घावन जाळीदार, रुमालासारखं चारपदरी घडी होईल असं उतरतं. आमच्याकडे वेंगुर्ल्याला ते न्याहारीला तर असतंच, पण ताप उतरल्यावर तोंडाला चव नसते तेव्हा, किंवा रात्रीच्या एसटीने कुणी पहाटे दारात येतं तेव्हाही हेच. कोकणात कित्येक घरांत गौरीला घावन-घाटल्याचा नैवेद्य असतो. तिथे तर तुकडे पडलेलं घावन चालत नाही, म्हणून हे नीट शिकून घ्यावं.

तांदूळ

दोन वाट्या जुना सुरय, म्हणजे न उकडलेला, तांदूळ. उकडा पेजेला ठेवा. नव्या तांदळाचं घावन चिकट होतं, हे मात्र खरं, त्यामुळे भात नुकताच झोडला असेल तर गेल्या वर्षीचा तांदूळ मिळतो का बघा. बासमतीची गरज नाही. धुवून पाच-सहा तास किंवा रात्रभर भिजवा.

वाटणं

थोडं थोडं पाणी घालत अगदी गंधासारखं बारीक वाटा. बोटांत चोळून पाहिलं तर कणी लागता कामा नये. मग मीठ आणि वरचं पाणी घाला. सगळं मिळून चार ते साडेचार वाट्या पाणी लागतं. पीठ ताकासारखं पातळ झालं पाहिजे. डाव बुडवून उचलला की त्यावर साय राहते तेवढाच पांढरा पातळ थर राहावा, त्याहून जाड नको. वाटताना मूठभर ओलं खोबरं घातलं तर घावन मऊ राहतं. तांदळाचं तयार पीठ असेल तर दोन वाट्यांना वर सांगितलं तेवढंच पाणी घालून अर्धा तास भिजू द्या. तेही चांगलं होतं, फक्त गिरणीतून ते बारीक दळून आणलेलं हवं.

एवढ्यात बारा-तेरा घावनं होतात.

तवा

आता खरं काम. लग्नानंतर मी डोंबिवलीला आले तेव्हा सावंतवाडीच्या बाजारातून बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, नवा तवा घेऊन आले होते. पहिला महिनाभर दर रविवारी घावन घातलं आणि दर रविवारी ते खरवडून काढलं. आईच्या हातचंच पीठ, तेच तांदूळ, तेच प्रमाण. मी पाणी कमी केलं, वाढवलं, रवा घातला, शेवटी रडू आलं. बिघाड कुठे आहे हे मला पुढच्या मे महिन्यात कळलं, आणि तेसुद्धा आईच्या डाव्या हाताकडे बघून.

घावन घालणाऱ्या बाईच्या उजव्या हाताकडे सगळे बघतात, कारण पीठ त्या हातातून पडतं. त्या दिवशी मी चुलीच्या बाजूला पाटावर बसले होते. आई उजव्या हाताने पीठ ओतायची आणि डाव्या हाताने चुलीतलं चुडत, म्हणजे माडाची वाळलेली झावळी, बाहेर ओढायची. झाकण काढायच्या जरा आधी तेच चुडत परत आत सारायची. जाळ मोठा, पीठ, जाळ कमी, झाकण, परत जाळ मोठा. लहानपणापासून मी हे रोज बघत होते आणि कधी दिसलं नव्हतं. डोंबिवलीत मी गॅस मध्यम ठेवून तो तसाच सोडत होते.

असं का करायचं ते समजून घ्या, म्हणजे पाठ करावं लागणार नाही. तांदळातला स्टार्च 70 अंशांच्या आसपास शिजायला लागतो आणि शिजताना चिकट होतो. तवा कोमट असेल तर पातळ पीठ आधी लोखंडाला सगळीकडून लागतं आणि मग सावकाश शिजत त्याची खळ होते. खळीने कागद चिकटतो, तसं घावन तव्याला चिकटतं. तवा चांगला तापलेला असेल तर पीठ टेकताक्षणी त्यातल्या पाण्याची वाफ होते. ती वाफ पिठाला खालून उचलून धरते आणि वर यायला वाट काढते. त्या वाटा म्हणजेच जाळी. त्यामुळे जाळी पडली नाही तर घावन चिकटणारच. पीठ ओतताना चर्रर्र आवाज आला नाही तर तिथेच थांबा, पुढचं पीठ वाया घालवू नका.

पण तो मोठा ताप तसाच ठेवला तर खालची बाजू लाल होते आणि वरचं पीठ कच्चं राहतं. म्हणून जाळ कमी करून झाकण. आणि घावन निघालं की तवा निवलेला असतो, म्हणून परत जाळ मोठा. बिडाचा तवा तापायलाही वेळ घेतो आणि निवायलाही. आज्ञा दिली की लगेच ऐकणाऱ्यातला तो नाही. म्हणून घावन काढून झाल्यावर नव्हे, झाकण उचललं की त्याच क्षणी गॅस मोठा करायचा. घावन उतरून, तेल फिरवून, पीठ ढवळून होईपर्यंत तवा पुन्हा तयार असतो.

पहिलं घावन नेहमी बिघडतं, ते टाकूनच द्यायचं, असा एक सल्ला सगळीकडे देतात. मला तो अजिबात पटत नाही. ते बिघडतं कारण आपण घाई करतो. गॅसच्या शेगडीची ज्योत गोल असते, बिडाचं लोखंड ताप हळूहळू पसरवतं, त्यामुळे पाच मिनिटांत मधोमध तापतं आणि कडा थंडच राहतात. मग घावन मधून करपतं आणि कडेने चिकटतं. तवा मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं ठेवा, अधूनमधून जरा सरकवून फिरवा. मी स्वयंपाकघरात लुडबुडायला लागले की आई म्हणायची, "वायच थांब गो, तवो तापाक नाय अजून." तेवढं थांबलं तर पहिलं घावनसुद्धा अख्खं निघतं.

तापला की नाही ते पाण्याने बघा. बोटांनी चार थेंब शिंपडा. थेंब जागेवरच बसून बुडबुडत राहिले तर तवा थंड आहे. चुर्र करून लगेच नाहीसे झाले तर बरोबर. मोत्यासारखे गोल होऊन तव्यावर पळायला लागले तर तवा जास्त तापला आहे. अशा तव्यावर पीठ बसतच नाही, फाटून बाजूला पळतं. तेव्हा गॅस बंद करून मिनिटभर थांबा. तापलेल्या बिडावर भांडंभर गार पाणी कधीही ओतू नका. बीड ठिसूळ असतं, तडकतं. शेजारच्या घरातला चांगला तवा असा गेलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे.

तेल. अर्धा कांदा काट्याला टोचा, किंवा वांग्याचं देठ घ्या, नाहीतर नारळाची शेंडी. तेलात जरासं टेकवून तव्यावर फिरवा. तवा चमकला पाहिजे, त्यावर तेल वाहता कामा नये. चिकटतं म्हणून लोक तेल वाढवतात आणि फसतात. तेलाचं तळं झालं की पीठ त्यावरून घसरतं, जाळी पडत नाही आणि कडा तळल्यासारख्या कडक होतात.

नवा तवा असेल तर आधी तो तयार करावा लागतो. साबणाने एकदा खसखसून धुवा, विस्तवावर पूर्ण सुकवा, शेंगदाण्याचं तेल अगदी पातळ लावा आणि धूर निघेपर्यंत तापवा. निवू द्या. असं चार दिवस रोज दोन-तीनदा करा, मध्ये एकदा भरपूर कांदा परतून तो टाकून द्या. तेल तापून लोखंडावर जो काळा गुळगुळीत थर बसतो, तीच तुमची खरी मदत. एरवी घावनाला मी खोबरेलच वापरते, पण हा थर त्याने तितका घट्ट बसत नाही. तयार झालेल्या तव्यावर भाकरी भाजू नका, कोरडं पीठ जळून तो थर खराब होतो. कोकम, चिंच, टोमॅटो घातलेलं काहीही त्यावर शिजवू नका, आंबटाने तो निघून जातो. घावनाचा तवा घावन-आंबोळीलाच ठेवायचा. यात कंजुषी नाही की सोवळं नाही, एवढं केलं तर तवा पुढच्या पिढीपर्यंत पुरतो.

नॉनस्टिकवर चिकटणार नाही, पण तो रिकामा असा तापवायचा नसतो, त्यामुळे जाळी बेताचीच पडते. दुसरं काही नसेल तर वापरा.

घालणं

पीठ फ्रिजमध्ये असेल तर तासभर आधी बाहेर काढा. गार पीठ तव्याचा सगळा ताप ओढून घेतं आणि मग वर सांगितलं ते सगळं फुकट जातं.

प्रत्येक वेळी पीठ तळापासून ढवळा. तांदूळ खाली बसतो, वर नुसतं पाणी राहतं. जे ढवळत नाहीत त्यांची पहिली घावनं फाटतात आणि शेवटची जाड होतात.

गॅस मोठा. वाटीने अर्धी वाटी पीठ घ्या, वीतभर उंचीवरून आधी कडेने गोल आणि मग आत येत मधोमध ओता. भोकं राहिली तर तिथे थेंबथेंब सोडा. डावाच्या पाठीने पसरू नका. डोशाचं पीठ पसरतात, घावनाचं पसरायचं नसतं. बसलेला थर ओढला की तो तिथेच फाटून लोखंडाला धरतो. दहा-पंधरा सेकंदांत जाळी दिसेल. गॅस कमी करा, झाकण ठेवा, मिनिटभराने उचला आणि लगेच गॅस मोठा. कडा आपोआप तव्यापासून सुटलेल्या दिसतील. सुटल्या नसतील तर कालथा घालूच नका, अजून पाच-दहा सेकंद द्या. ज्यांची घावनं फाटतात त्यातल्या अर्ध्या लोकांना फक्त या पाच सेकंदांचा धीर नसतो.

काही घरांत ते उलटून दुसरी बाजूही भाजतात. आम्ही नाही. उलटलं की मऊपणा जातो.

उतरवून ठेवणं

गरम घावनं एकावर एक रचू नका, वाफेने ओली होऊन चिकटतात. सुपात केळीचं पान किंवा कापड घालून सुटी पसरा, निवली की चौघडी घाला.

सोबत

एका नारळाचं खोबरं वाटीभर कोमट पाण्यात वाटून पिळा, पाऊण वाटी गूळ चिरून त्यात विरघळवा, वेलची आणि कणभर मीठ घाला. रस तयार. तो तापवू नका, फुटतो. सकाळी घावन आणि रस, दुपारी उरलेली घावनं काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याबरोबर किंवा कोंबडीच्या रश्श्याबरोबर. तापातून उठलेल्या माणसाला मात्र रसच द्या, आणि त्यात घावन बुडवून पाच मिनिटं तसंच राहू द्या. ते रस पिऊन जड झालं की चावावंसुद्धा लागत नाही. माझ्या आजीने शेवटच्या दिवसांत जे थोडंफार खाल्लं ते हेच.

शेवटचं घावन उतरलं की गॅस बंद करा, तवा गरम असतानाच तो कांदा एकदा फिरवा आणि कोरड्या फडक्याने पुसून उभा करून ठेवा. घासू नका. आणि उरलेलं पीठ फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत चालतं, त्यापुढे ते आंबट व्हायला लागतं.