गाठ हाताला लागली तर

गुहागर तालुक्यात सव्वीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून पायपीट केली. छातीत गाठ असलेल्या बाईचं पहिलं वाक्य ठरलेलं: "दुखत नाय गो सिस्टर, मग कशाला दाखवू?" अहो, तिथेच चुकतं. पाळीआधी दोन्ही छाती जड होऊन दुखतात तो बहुतेक हार्मोनचा खेळ. कॅन्सरची गाठ सुरुवातीला सहसा दुखतच नाही.

पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवशी आंघोळीत साबणाच्या हाताने तपासा, पाळी गेली असेल तर महिन्याची एक तारीख धरा. बोटांची टोकं खुपसू नका, तीन बोटांचे पेर सपाट ठेवून गोल फिरवा. काखही बघा, ती सगळ्या विसरतात. मग आरशासमोर हात वर करून उभ्या राहा.

माझ्या तेवीस वर्षांच्या पुतणीची गाठ उकडलेल्या आठळीसारखी होती. गुळगुळीत, बोटाखालून सटकणारी. तो फायब्रोअॅडिनोमा, तरण्या मुलींत नेहमीची, कॅन्सर नसलेली साधी गाठ. जाऊबाईंची मात्र कातळातल्या खड्यासारखी, हलवू म्हटलं तरी हलेना, आणि हात वर केला की तिथली कातडी आत ओढली जायची. पपनसाच्या सालीसारखी कातडी, आत वळलेलं बोंड, बोंडातून आपोआप येणारं रक्त, काखेतली गाठ यातलं काहीही दिसलं तर गणपती झाल्यावर बघू म्हणू नका. जाऊबाईंनी म्हटलं होतं.

पण बोटांवर निकाल लावायचा नाही. डॉक्टरांचा हात, फोटो आणि सुई, तिघांची साक्ष जुळली पाहिजे. चाळिशीच्या आत छाती घट्ट असते, मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेत, गाठ लपते, म्हणून आधी सोनोग्राफी. त्यापुढे बहुधा दोन्ही. रिपोर्टवर बायरॅड्सचा आकडा असतो, फोटोत दिसलेलं किती संशयाचं ते सांगणारा. एक बाई "शून्य आलाय!" म्हणून पेढे घेऊन आली. शून्य म्हणजे तपासणी अपुरी, आणखी फोटो काढा! दोन म्हणजे साधं, तीनला सहसा सहा महिन्यांनी पुन्हा फोटो, चार-पाचला सुई.

सुई दोन तऱ्हेची. बारीक सुईने पेशी ओढतात. गाठ पाण्याची असेल तर पाणी निघून तिथल्या तिथे बसते. जाऊबाईंच्या वेळी बारीक सुईत पेशीच पुरेशा आल्या नाहीत, आठवडा फुकट गेला. कोअर बायोप्सीत भूल देऊन जाड सुईने तुकडे काढतात, स्टेपलरसारखा टच् आवाज होतो तेव्हाच बाई दचकते, दुखतं थोडंच. सुई टोचली की कॅन्सर पसरतो हे वाडीवाडीतलं पुराण, त्यात तथ्य नाही. कॅन्सर निघाला तर त्याच तुकड्यांवर ईआर, पीआर (हार्मोनला दाद देणाऱ्या खुणा) आणि हर टू (पेशीवरचं एक प्रथिन) तपासतात, औषध त्यावर ठरतं.

अंगावर पाजणाऱ्या बाईची छाती लाल, गरम, ताप असेल तर बहुधा दूध साकळून झालेला संसर्ग. पण औषधाचा कोर्स संपूनही लाली उतरली नाही तर पुन्हा जा, एका प्रकारचा कॅन्सर अगदी तसाच दिसतो.

लॅबमधून रिपोर्टबरोबर तुकड्याचे पातळ काप लावलेल्या काचा आणि तुकडा ज्यात जपतात तो ब्लॉकही मागून घ्या. मुंबईला दाखवायला गेलात तर तिथे ते मागतात. ब्लॉक मेणाचा असतो, एसटीत खिडकीशी उन्हात ठेवू नका.