रंगाआधी ग्राफ: चादर कारखान्याच्या वेबसाइटचं पान कसं आखायचं

माझे वडील जेकार्ड चादरींचे नमुने ग्राफ पेपरवर भरायचे. सोलापुरात साखर पेठेतल्या आमच्या घरात खिडकीखाली त्यांचा तिरका पाट असे. ग्राफचा एक चौकोन म्हणजे उभा आणि आडवा धागा जिथे भेटतात ती जागा. भरलेला चौकोन असेल तर ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलायचा, रिकामा असेल तर खाली राहू द्यायचा. त्यावरून पंचिंगवाला पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायचा आणि त्या पट्ट्या मागावर चढायच्या. मोराच्या मानेत एक चौकोन चुकला तर ग्राफवर खोडरबरानं भागतं. पट्ट्या मागावर चढल्या की तीच चूक प्रत्येक चादरीत विणली जाते. म्हणून ग्राफ पक्का होईपर्यंत वडील रंगाचं नाव काढू देत नसत.

मी वेबसाइटची पानं डिझाइन करते आणि त्याच क्रमानं जाते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका चादर-टॉवेल कारखान्याचं पान नुकतंच पुरं केलं. तेच उदाहरण घेऊन सांगते.

पहिल्या दिवशी लॅपटॉप उघडायचा नाही. मालकांच्या ऑफिसात फोनशेजारी खुर्ची टाकून बसायचं. मी अकरा ते दोन बसले आणि आलेली प्रत्येक चौकशी वहीत उतरवली. नऊ फोन आले. चौघांनी विचारलं, "कमीत कमी किती नग घ्यावे लागतील?" दोघांना रंग जातो का ते हवं होतं, दोघांना माल कुठल्या ट्रान्सपोर्टनं येणार ते, आणि एका बाईंना लेकीच्या लग्नासाठी एकच चादर हवी होती. मालकांना पानाच्या डोक्यावर कारखान्याचं स्थापनेचं साल मोठ्या अक्षरांत हवं होतं. नऊपैकी एकानंही साल विचारलं नव्हतं. वही पुढे केली तेव्हा मालक म्हणाले, "ताई, हे तर मी रोज ऐकतो की. लिहून कधी बघितलं नाही."

त्या वहीतून एक वाक्य काढायचं: पान कुणासाठी आणि त्यानं काय करायचं. आमचं वाक्य होतं, "लातूर-नांदेडकडच्या कापड दुकानदारानं फोनवर पान बघून नमुना मागवायचा." लग्नाच्या चादरीवाल्या बाईंसाठी खाली किरकोळ विक्रीचा पत्ता दिला. पण पान दुकानदाराचं. दोघांनाही एकाच वेळी पटवायला गेलं की कुणालाच पटत नाही.

मग शब्द. चित्रं नंतर. अख्ख्या पानाचा मजकूर मी वहीत हातानं लिहिते. मालकांच्या जुन्या माहितीपत्रकावर "परंपरा आणि गुणवत्तेचा संगम" असं होतं. अशा ओळीला माझी एक कसोटी आहे: तिच्यावर शेजारच्या दुकानाची पाटी लावून बघायची. मिठाईवाल्याच्या, सराफाच्या पाटीखालीही ती तशीच शोभत असेल तर ती खोडायची. शेवटी मथळा ठरला: "सोलापुरी जेकार्ड चादर, थेट कारखान्यातून. ५० नगांपासून." यात पहिल्याच दमात चार फोनांचं उत्तर आहे. त्याखाली धुलाईचं उत्तर, मग माप आणि वजन, मग वाहतूक. क्रम वहीतल्या प्रश्नांचा, मालकांच्या अभिमानाचा नाही.

पुरावा लिहिताना हात जरा आखडता घ्यावा. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण ते नाव-चिन्ह वापरायचं तर उत्पादकाची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. नोंदणीचा कागद डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी पानावर त्याची जागाच आखत नाही.

आता कच्चं रेखाटन. ए-फोर कागदाला तीन घड्या घातल्या की आठ घरं पडतात. आठ मिनिटांत आठ मांडण्या काढायच्या, जाड स्केचपेननं. जाड पेन अशासाठी की त्यानं बारकावे काढताच येत नाहीत. मथळा कुठे, फोटो कुठे, बटण कुठे, एवढंच उमटतं. पहिली तीन-चार घरं कुठेतरी पाहिलेल्या पानांसारखीच येतात. ती काढून टाकल्यावरच डोकं मोकळं होतं. माझं सहावं घर कामाला आलं: फोटो वर नाहीच, आधी मथळा आणि बटण, आणि मग चादरीचा काठ पडद्याच्या कडेला टेकलेला. निवडलेलं घर मग खऱ्या मापात काढायचं. फोन कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवायची आणि त्या चौकटीत मजकूर लिहून बघायचा. मावला नाही तर शब्द कमी करायचे, अक्षराचा आकार नाही.

इथून फिग्मा, म्हणजे पानं आखायचं सॉफ्टवेअर. ३६० पिक्सेल रुंदीची फ्रेम, दोन्ही बाजूंना १६ चा समास, सगळी अंतरं आठच्या पटीत. रंग फक्त काळा, पांढरा आणि दोन-तीन राखाडी छटा. मालकांना पहिल्यांदा हेच दाखवायचं.

हे मी ठेच खाऊन शिकले. सुरुवातीच्या वर्षांत एका टॉवेल व्यापाऱ्यांना थेट रंगीत नमुना दाखवला होता. तासभर गुलाबी छटा गडद की फिकी यावरच चर्चा झाली आणि मी खुशीत घरी आले. पान सुरू झाल्यावर फोन भरपूर आले, पण सगळे दोन टॉवेल, चार टॉवेल मागणारे. माल गठ्ठ्यानंच मिळतो हे पानावर कुठेच नव्हतं. ना त्यांच्या लक्षात आलं, ना माझ्या. महिनाभर त्यांच्या मुनीमजींना दिवसभर "नाही मिळणार" म्हणत बसावं लागलं. राखाडी पानावर ती उणीव लगेच दिसली असती, कारण तिथे बघायला मजकुराशिवाय दुसरं काही नसतं.

मराठी पानाची अक्षरं हा स्वतंत्र विषय आहे आणि इथे घाई करू नये. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, त्यामुळे ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपटीहून थोडं जास्तच लागतं, मी १.६ ठेवते. अक्षरांमधलं अंतर शून्यच ठेवायचं. ते वाढवलं की बहुतेक फॉन्टांत शिरोरेघ तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. मजकुरासाठी मी 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता हा फॉन्ट वापरते. कुठलाही फॉन्ट घेतला तरी "दुसऱ्या", "कॅटलॉग", "ऑर्डर", "शिल्लक" हे शब्द लिहून बघते. "ऱ्या" नीट जुळतोय का, आणि "ल" व "श" मराठी वळणाचे आहेत की हिंदी, ते यात कळतं. अनेक फॉन्टांत दोन्ही वळणं असतात. पानाची भाषा मराठी असल्याचं कोडमध्ये नोंदवलं की ब्राउझर मराठी वळण उचलतो, म्हणून डेव्हलपरसाठीच्या टिपणात ही ओळ सगळ्यात वर लिहायची.

रंग मी चादरीतूनच उचलते. या पानाला काठाचा गडद मरून आणि कोऱ्या सुताचा पिवळसर पांढरा. मरून फक्त बटणाला, बाकी कशालाही नाही, म्हणजे नजर आपोआप तिथे जाते. नेहमीच्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट, म्हणजे गडद-फिक्यातला फरक, किमान ४.५ : १ हवा. बटणाची उंची ४८ पिक्सेल, अंगठ्याला चुकू नये अशी.

फोटोसाठी मात्र अर्धा दिवस काढा. कारखान्यातला ट्यूबलाइटचा प्रकाश सूत मेलेलं दाखवतो. आम्ही सकाळी आठला चादर गच्चीवर नेली, चार पदरी घडी घातली आणि तिरप्या उन्हात काठ जवळून टिपला. विणीचा उठाव, मोराच्या पिसाऱ्यातली दोन रंगांची सरमिसळ, शेवटाला सुटलेले धागे, सगळं आलं. घडीवर मागावरच्या मावशींचा हात ठेवला. बोटं सुतात किती रुततात त्यावरून दुकानदाराला जाडी कळते. ती आकड्यानं कळत नाही.

मालकांच्या पुतण्याला बटणाशेजारी "फक्त ३ गठ्ठे शिल्लक" असं कायमचं हवं होतं. मी नकार दिला. खोटी घाई दाखवणं हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत १३ फसव्या क्लृप्त्यांमध्ये मोडतं. शिवाय नांदेडचा दुकानदार महिन्यानं परत आला आणि तेच तीन गठ्ठे दिसले, तर बाकीच्या पानावर तो कशाला विश्वास ठेवेल?

शेवटची पायरी, नमुना खऱ्या माणसाच्या हातात देणं. फिग्माची लिंक फोनवर उघडली आणि नवी पेठेतल्या एका ओळखीच्या कापड दुकानदारांकडे भर दुपारी गेले. पाच सेकंद दाखवलं, फोन पालथा केला आणि विचारलं, "काका, काय विकतायत?" ते बरोबर बोलले. मग फोन परत दिला आणि गप्प राहिले. या वेळी समजावून सांगायचा मोह होतो, तो आवरायचा. काकांचा अंगठा खाली गेला, वर आला, "नमुना मागवा" वर येऊन थांबला. दाबला नाही.

"का थांबलात?"

"नमुना फुकट का पैशानं, ते कुठं लिहिलंय?"

लिहिलं नव्हतं. दुकानाच्या पायरीवरूनच मालकांना फोन लावला, त्यांनी दोन मिनिटं विचार करून हिशेब सांगितला, आणि मी बटणाखाली एक ओळ टाकली: "नमुन्याचे पैसे पहिल्या ऑर्डरमध्ये वळते होतील." काकांना पुन्हा फोन दिला. त्यांनी चष्मा वर सरकवला, ओळ वाचली आणि बटण दाबलं.