कोल्हापुरातून जर्मनीला शिकायला जाताना

पहिलं काम नावाचं. शिवाजी विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नि वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. एखादं अक्षर जरी निराळं असलं तरी आधी दुरुस्ती करून घ्या, नाहीतर पुढे प्रत्येक टेबलावर खुलासा द्यावा लागतो.

मग एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपली शिक्षणाची कागदपत्रं खरी असल्याचा दाखला. शुल्क १८,००० रुपये. व्हिसाला ते बहुतेकांना लागतंच आणि हातात पडायला आठवडे जातात, म्हणून प्रवेशपत्राची वाट बघत बसू नका.

व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दर महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. जर्मनीत पोचल्यावर त्यातून महिन्याला ९९२ सुटतात. पण त्यासाठी तिथलं चालू खातं हवं, म्हणून पहिल्या महिन्याचा खर्च वेगळा न्या.

खोली हीच खरी अडचण. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्याला घरमालकाचं सही केलेलं पत्र लागतं. ते द्यायला तयार नसलेल्याची खोली कितीही स्वस्त असो, घेऊ नका. खोली बघण्याआधी अनामतही पाठवू नका. विद्यार्थी वसतिगृहाचा अर्ज प्रवेश मिळाला त्याच दिवशी भरा.

काम वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवसच करता येतं.