धातू कापताना या चुका टाळा: पाते, बिट आणि चकती कुठे चुकते

पाते बोथट झाले, बिट जळाले, चकती जाम झाली की दोष बहुतेक वेळा हत्याराच्या दर्जाला दिला जातो. प्रत्यक्षात चांगले हत्यार चुकीच्या जाडीवर किंवा चुकीच्या धातूवर चालवलेले असते. ‘लोखंड कापायचे आहे’ एवढ्या माहितीवर निवड होत नाही. धातू कोणता, जाडी किती आणि तो भरीव आहे की पोकळ, हे आधी ठरवावे लागते.

हॅक्सॉचे (धातू कापायच्या करवतीचे) दात तुटतात

पात्यावर 14, 18, 24 किंवा 32 असा आकडा छापलेला असतो. तो एका इंचातल्या दातांचा. कापायच्या जाडीत एका वेळी किमान तीन दात टेकलेले हवेत, हा साधा हिशेब. 18 च्या पात्यात दोन दातांमधले अंतर 1.4 मिमी, म्हणजे त्याला सुमारे 4 मिमी जाडी लागते. 24 ला 3 मिमीच्या थोडे वर, 32 ला साधारण अडीच मिमी.

पाइप कापताना इथेच फसगत होते. पाइप एक इंची असला तरी पात्यासमोर येते ती त्याची भिंत, समजा 1.2 मिमीची. त्यावर 18 चे पाते चालवले की भिंत दोन दातांच्या मधल्या खाचेत शिरते आणि पुढच्या रेट्याला दात मोडतो. पातळ पाइपला 32 चेच पाते घ्या. आतली भिंत लागेपर्यंत कापा, मग पाइप थोडा फिरवून पुढे कापत जा. 1 मिमी पत्र्याला तर 32 चे दातसुद्धा विरळ पडतात. पाते पत्र्याला अगदी तिरपे टेकवा किंवा पत्रा दोन प्लायवूडच्या तुकड्यांत दाबून तिन्ही एकत्र कापा.

उलटी चूकही होते. 25 मिमी भरीव सळईवर 32 चे पाते लावले की बारीक खाचा किसाने भरतात आणि पाते कापायचे सोडून नुसते घासत राहते. तिथे 14 किंवा 18 हवे.

दातांची टोके पुढच्या दिशेला, ताण भरपूर, गती मिनिटाला 40 ते 50 फेऱ्या. त्याहून वेगाने हात चालवला तर दात तापून लवकर मरतात. काम अर्धवट असताना पाते बदलले तर जुन्या चिरेत नवे पाते घालू नका. झिजलेल्या पात्याची चीर अरुंद असते, नवे पाते त्यात अडकून तुटते. दुसऱ्या बाजूने नवी सुरुवात करा.

बिट लाल होते, भोक मात्र पडत नाही

आधी बिटचे टोक पाहा. टोकाला आडवी बसवलेली राखाडी कार्बाइडची चिप असेल तर ते भिंतीचे बिट आहे. ते विटा-काँक्रीट ठोकून फोडण्यासाठी घडवलेले असते, धातू कापण्याइतकी धार त्याला नसते. धातूला एचएसएस (हाय-स्पीड स्टीलचे) बिट हवे, आणि ड्रिलचा हॅमर मोड (ठोके देणारा) बंद.

त्यानंतरची मोठी चूक वेगाची. एचएसएस बिटने साध्या लोखंडात 6 मिमी भोक पाडायला मिनिटाला सुमारे 1300 फेरे, 10 मिमीला 800 पुरतात. स्टेनलेसमध्ये 6 मिमीलाही 500 च्या आसपासच. ॲल्युमिनियम मात्र 3000 सहज पेलते. भोक मोठे तसा वेग कमी. ट्रिगर पूर्ण दाबून ठेवायची सवय इथे बिटचा जीव घेते.

स्टेनलेस वेगळ्या स्वभावाचे आहे. बिट न कापता घासले की तिथला पृष्ठभाग कडक होतो, आणि मग नवे बिटही चालत नाही. म्हणून वेग कमी, दाब भरपूर आणि सलग, कटिंग ऑइल सढळ, आणि 135 अंशांच्या टोकाचे कोबाल्ट बिट (कोबाल्ट मिसळलेल्या एचएसएसचे). सोनेरी रंग पाहून बिट कोबाल्टचे समजू नका. तो बहुतेकदा साध्या एचएसएसवरचा पातळ थर असतो आणि पुन्हा धार लावताना टोकावरून निघून जातो.

पातळ पत्र्यात साधे बिट तिकोनी भोक पाडते. टोक आरपार गेल्यावर कडा टेकायला धातूच उरत नाही, बिट गचका देते आणि पत्रा हातातून फिरतो. पायऱ्यांचे स्टेप बिट वापरा. पत्रा लाकडाच्या तुकड्यावर ठेवून क्लॅम्पने आवळा, हाताने कधीच धरू नका.

आटे पाडायचे असतील तर भोक स्क्रूच्या मापाचे नसते: एम5 ला (5 मिमी व्यासाच्या स्क्रूला) 4.2, एम6 ला 5, एम8 ला 6.8 मिमी. भोक लहान राहिले की टॅप (आटे पाडायचे हत्यार) आत तुटतो, आणि तुटलेला टॅप काढणे मूळ कामापेक्षा अवघड. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, मधे तेल.

ग्राइंडरची चकती

पाइप, अँगल आणि पत्र्याला 1 ते 1.6 मिमी जाडीची कटिंग चकती पुरते. तिने कड घासून गुळगुळीत करणे ही सर्वांत धोकादायक सवय. पातळ चकती बाजूचा दाब सोसत नाही, फुटते. घासायला जाड ग्राइंडिंग चकती किंवा फ्लॅप डिस्क (पॉलिशपेपरच्या पट्ट्यांची चकती) लावा. चकतीवर छापलेला कमाल वेग यंत्रापेक्षा जास्त हवा. मधल्या धातूच्या कड्यावरची मुदत उलटलेली किंवा ओल लागलेली चकती फेकून द्या. गार्ड काढून मोठी चकती बसवणे आणि लाकडाचे दातेरी पाते ग्राइंडरला लावणे, हे दोन्ही प्रकार पूर्ण वर्ज्य.

ॲल्युमिनियम साध्या चकतीत भरून बसते, मग ती कापत नाही, नुसती तापते. त्यासाठीची वेगळी चकती घ्या, नाहीतर सरळ हॅक्सॉ काढा. स्टेनलेसला ‘इनॉक्स’ लिहिलेली चकती, आणि ती आधी साध्या लोखंडावर वापरलेली नको. लोखंडाचे कण चिकटून नंतर गंजाचे डाग येतात. जस्त चढवलेल्या पत्र्याचा धूर घातक, ते काम उघड्यावरच. डोळ्यांवर गॉगल आणि चेहऱ्यावर शील्ड, दोन्ही.

कातरी आणि कानस

पत्रा कातरीत लाल मूठ डावीकडे वळणारा काप देते, हिरवी उजवीकडे, पिवळी सरळ. कातरी टोकापर्यंत मिटली की प्रत्येक कापाच्या शेवटी दातरा पडतो, म्हणून थोडी उघडी असतानाच पुढे सरकवा. तिने तार किंवा खिळा कापला की पात्याला खड्डा पडतो.

नवी कानस आधी पितळेवर वापरा, लोखंडावर नंतर. पितळेला ताजी धार लागते. ॲल्युमिनियमचा कीस दातांत रुतून कामावर ओरखडे काढतो. आधी कानशीवर खडू घासा, अधूनमधून तारेच्या ब्रशने दातांच्या दिशेने साफ करा.