रिफायनरीत तेलाची घट येतेय? चोर शोधण्याआधी या चुका टाळा

लातूर भागातल्या एका छोट्या सोयाबीन रिफायनरीत मी काही वर्षं लॅब सांभाळली. एका सकाळी शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. रात्री गरम टाकीतून वीस हजार लिटर तेल कूलरमार्गे साठवण टाकीत सोडलं होतं आणि सकाळच्या डिपमध्ये (टाकीत पट्टी सोडून घेतलेल्या मापात) चारशे लिटर कमी भरत होतं. संशय होता रात्रपाळीच्या वॉचमनवर. कॅमेऱ्यांचं कोटेशनसुद्धा टेबलावर येऊन पडलं होतं.

मी एवढंच विचारलं, रात्री डिप घेतला तेव्हा तेल किती अंशावर होतं? पासष्ट. आणि सकाळी? पस्तीस. तेल दर अंशाला साधारण ०.०७ टक्के आकसतं. तीस अंशांचे झाले २.१ टक्के, म्हणजे वीस हजारांवर ४२० लिटर. वॉचमनची नोकरी वाचली. कॅमेरे मात्र तरीही बसले.

लिटरमध्ये हिशेब ठेवणं ही पहिली चूक. लोड सेल (टाकीखाली बसवलेला वजनमापक) किंवा वजनकाटा असेल तर सगळं किलोत लिहा. नसेल तर डिपच्या शेजारी तापमानाचा रकाना आखा आणि तो रिकामा सोडणाऱ्याची सही घेऊ नका. रजिस्टर किलोत आलं की जी घट उरते ती खरी. ती हवेत उडालेली नसते. सोपस्टॉकमध्ये म्हणजे तळाशी बसणाऱ्या साबणाच्या गाळात, ब्लीचिंगच्या म्हणजे रंग काढायच्या मातीत, तेल धुण्याच्या पाण्यात अशी कुठेतरी बसलेली असते आणि तिथे जाऊन मोजता येते.

घट किती यायलाच हवी, हेच माहीत नसणं

टँकर आला की वरून एक बाटली भरायची आणि एफएफए (तेलातलं सुटं आम्ल) मोजून मोकळं व्हायचं, ही सर्रास पद्धत. पाणी आणि गाळ तळाशी असतो, त्यामुळे नमुना वर, मध्ये आणि खाली अशा तिन्ही ठिकाणचा घ्या. एफएफएसोबत गम (तेलातला चिकट भाग) आणि ओलावाही मोजा. समजा एफएफए ०.९, गम १.८ आणि पाणी-कचरा ०.३ टक्के निघाला. म्हणजे ३ टक्के माल तुम्ही तेलाच्या भावाने घेतला, पण ते विकण्याजोगं तेल नव्हतंच. त्यावर थोडं चांगलं तेल सोबत जाणारच. आमच्याकडे अशाच क्रूडवर (शुद्ध न केलेल्या तेलावर) घट ६ टक्क्यांना टेकली होती. शोधायची होती ती वरची जवळपास ३ टक्के.

ज्या वर्षी ऑक्टोबरच्या काढणीत पाऊस घुसतो, त्या वर्षी भिजलेल्या, गोदामात तापलेल्या बियांचं क्रूड येतं. एफएफए चढतो आणि नुसत्या पाण्याने न निघणारे गम वाढतात. अशा मालावर मागच्या वर्षीची घट धरून भाव केला तर तोटा गेटवरच ठरलेला असतो.

कॉस्टिक अंदाजाने घालणं

कॉस्टिक सोडा तेलातल्या सुट्या आम्लाचा साबण करतो आणि तो साबण तळाशी बसतो. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि सगळ्यात जास्त तेलही इथेच सापडलं.

दहा टनांच्या बॅचला कॉस्टिक किती घालता, असं मी ऑपरेटर मामांना विचारलं. "एक बॅरल, साहेब. पहिल्यापासून तेवढंच." एफएफए ०.५ असो की १.५, बॅरल एकच. आता हिशेब बघा. आम्ही आधी पाण्याने गम काढायचो, मग कॉस्टिक. १०,००० किलो तेल, ०.९ टक्के एफएफए म्हणजे ९० किलो आम्ल. त्याला ०.१४२ ने गुणलं की १२.८ किलो कॉस्टिक लागतं. तेलाच्या ०.१ टक्का जादा धरलं तर आणखी १० किलो. एकूण २२.८ किलो. २० बॉमेच्या (बॉमे म्हणजे द्रावणाच्या घनतेचं माप) द्रावणात कॉस्टिक असतं १४.३६ टक्के, म्हणजे द्रावण हवं १५९ किलो. दोनशे लिटरच्या भरल्या बॅरलात तेच द्रावण भरतं २३० किलोच्या वर. जास्तीचं सगळं कॉस्टिक तेल खातंच असं नाही, पण खायला लागलं तर एक किलो कॉस्टिक सात किलोच्या आसपास चांगल्या तेलाचा साबण करू शकतं. (तुम्ही गम काढायला फॉस्फोरिक ॲसिड घालत असाल तर त्याच्या वाट्याचं कॉस्टिक वेगळं धरा, नाहीतर उलटीच पंचाईत होईल.)

दुसरी गोष्ट कळायला मला महिना लागला. मामा कॉस्टिकचे फ्लेक्स पाण्यात टाकायचे आणि लगेच बॉमे मीटर सोडायचे. कॉस्टिक विरघळताना द्रावण उकळत्या चहासारखं तापतं, आणि गरम द्रावणात मीटर खाली बसतो. वाचन यायचं १८. मामा आणखी दोन घमेली टाकायचे. थंड झाल्यावर तेच द्रावण २० च्या पुष्कळ वर. द्रावण आदल्या पाळीत करून ठेवा, थंड झाल्यावर मोजा, आणि शक्य असेल तर लॅबमध्ये टायट्रेशन करून नेमकं कॉस्टिक मोजा. फ्लेक्सचं पोतं उघडं राहिलं की ते हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, तेव्हा पोत्यावरच्या टक्केवारीवर विसंबू नका.

मग ढवळणं. कॉस्टिक घालताना वेगाने ढवळायचं. पळीत तेल घेऊन पाहिलं की दूध फाटल्यासारखे तपकिरी दाणे सुटे दिसतात. ते दिसले की वेग कमी करायचा, तापमान हळूहळू सत्तरच्या पुढे न्यायचं आणि ढवळणी थांबवायची. तेल फाटल्यावरही घुसळत राहिलात तर दाणे मोडतात, पाणी, तेल आणि साबण एक होतात, आणि ते लोणी मग दिवसभर बसत नाही. बाहेर टँकर उभा आहे म्हणून सात-आठ तासांचं बसणं तीन तासांवर आणलं तरी हेच होतं.

सोपस्टॉक काढताना व्हॉल्व पूर्ण उघडणं ही घाई सगळ्यात महागात पडते. कोनाच्या तळाशी भोवरा धरतो आणि वरचं चांगलं तेल मधोमध खाली ओढलं जातं. साइट ग्लासमध्ये (पाइपवरच्या काचेत) कडेला गडद साबण आणि मध्ये पिवळी धार दिसली की समजा, तेल चाललं. व्हॉल्व अर्धा ठेवा, धार पिवळी व्हायला लागली की बंद करा, अर्ध्या तासाने उरलेलं काढा.

काढलेल्या सोपस्टॉकची परीक्षा सोपी आहे. काचेच्या बाटलीत थोडा घ्या, गरम मिठाचं पाणी घाला, हलकेच हलवा आणि बाटली गरम पाण्यात उभी करा. तासाभरात वर पिवळा थर जमला तर ते तुमचं तेल. थर दर बॅचला मोजून लिहून ठेवा. आमचा थर पहिल्यांदा दोन बोटं जाड होता. शेठ ती बाटली हातात घेऊन बराच वेळ उभे होते.

बोअरच्या पाण्याने तेल धुणं

आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. त्यातलं कॅल्शियम तेलात उरलेल्या साबणाला धरतं, चिकट साय तयार होते आणि ती तेल घेऊन गटारात जाते. सॉफ्टनरचं (जडपणा काढलेलं) पाणी वापरा, ते तेलापेक्षा थोडं जास्त गरम ठेवा आणि वरून फवाऱ्याने सोडा. ढवळू नका.

रंग उतरत नाही म्हणून माती वाढवणं

बहुतेक वेळा दोष मातीचा नसतो. तेलात साबण किंवा पाणी राहिलेलं असतं आणि माती त्यातच खर्ची पडते. आधी साबणाची चाचणी करा, तेल व्हॅक्यूमखाली नीट वाळवा, मगच माती. १०० किलो माती वापरली आणि काढलेल्या केकमध्ये (फिल्टरवर उरलेल्या मातीच्या थरात) ३० टक्के तेल राहिलं तर ४३ किलो तेल गेलं. फिल्टर प्रेस उघडण्याआधी नीट ब्लो करून (वाफ किंवा हवा ढकलून) ते २० टक्क्यांवर आणलं तर २५ किलो. फरक १८ किलोचा, तोही एका बॅचमागे. दीडशे किलो माती टाकण्याची सवय असेल तर हिशेब तुम्हीच करा.

ब्लो करायला वाफ बरी. गरम केकमधून हवा बराच वेळ ढकलली तर तेल जळकट होतं आणि केक पेटू शकतो. वापरलेली माती पोत्यात भरून भिंतीला रचून ठेवू नका. सोयाबीन, करडई, सूर्यफूल यांच्या तेलाची माती आपोआप तापते आणि काडी न लावता धुमसते. शेडच्या बाहेर, पातळ पसरून, पाणी मारून ठेवा.

डीओडोरायझरबद्दल (तेलाचा वास काढणाऱ्या टाकीबद्दल) थोडक्यात: व्हॅक्यूम ढिला असेल तर ऑपरेटर वास काढायला सोडलेली (स्ट्रिपिंगची) वाफ वाढवतो आणि वाफेबरोबर तेलाचे थेंब वर जातात. डिस्टिलेटचं (वाफेबरोबर निघून गोळा होणाऱ्या मालाचं) वजन अचानक वाढलं तर आधी गळती शोधा.

पाऊचमध्ये गेलेलं तेल

एक लिटरच्या पाऊचवर ९१० ग्रॅम छापलेलं असतं. पण सोयाबीन तेलाचा एक लिटर २१ अंशाला सुमारे ९१९ ग्रॅम भरतो आणि ६० अंशाला ८९३ च्या आत. पिस्टनचं मशीन एप्रिलमध्ये, तेल ४० अंशावर असताना लावलं आणि डिसेंबरच्या पहाटे २५ अंशाच्या तेलावर तसंच चालवलं, तर प्रत्येक पाऊचमध्ये १० ग्रॅम जास्त जातं. हजार पाऊचला दहा किलो. उलट झालं तर वजनमापवाले दारात. दर पाळीच्या सुरुवातीला दहा पाऊच काट्यावर ठेवा आणि मशीन वजनावर लावा.

शेवटी ऑइल ट्रॅप, म्हणजे सांडपाण्यातलं तेल अडवणारी टाकी. त्यातला काळपट, साबणकट थर रोजचाच असतो, तो काढून मोजून विका. पण सकाळी तिथे नितळ पिवळं तेल तरंगताना दिसलं तर चहा नंतर घ्या. रात्री कुठला तरी ड्रेन व्हॉल्व पुरता बसलेला नाही.