दिवस देवापुढे मांडताना: रात्रीचं आत्मपरीक्षण

उन्हाळ्यात सोलापुरातलं घर निवायला रात्रीचे दहा वाजतात. पाणी भरून झालं, भांडी झाली, पोरं गच्चीवर झोपली, की आत्मपरीक्षणाला बसावं. अंथरुणात पडून करू नका. दिवसभर विड्या वळलेल्या किंवा मागावर उभं राहिलेल्या माणसाचा लगेच डोळा लागतो. क्रूसासमोर चटई टाका, पाठ ताठ ठेवा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. पंधरा मिनिटं पुरतात. रात्रपाळी असेल तर पाळीवरून आल्यावर बसलं तरी चालतं.

जेझुइट धर्मसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांनी या परीक्षणाच्या पाच पायऱ्या घालून दिल्या: आभार, प्रकाशाची याचना, दिवसाची तपासणी, क्षमायाचना, उद्याचा निश्चय. सुरुवात आभारानेच करा. बसल्या बसल्या पापं मोजायला घेतली की मन खचतं आणि आठवड्याभरात सवय मोडते. ‘सगळ्यासाठी धन्यवाद’ म्हणून भागत नाही. टँकरच्या रांगेत शेजारणीने स्वतःची घागर मागे घेऊन तुमची पुढे सरकवली, तेवढी एक गोष्ट घ्या आणि तिच्यापाशी मिनिटभर थांबा.

मग पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागा. एक वाक्य पुरे.

तपासणीला सहा-सात मिनिटं द्या. उठल्यापासून तासातासाने पुढे सरका: आधी विचार, मग शब्द, मग कृती. सुनेवर आवाज चढला, एवढ्यावर थांबू नका. त्याच्या आधी काय झालं ते बघा. पगार अडकल्याची काळजी सकाळपासून आत साचली होती का? मूळ बहुतेक तिथे सापडतं. मन कुठे मोकळं झालं आणि कुठे आक्रसलं, हेही बघा.

क्षमा साध्या शब्दांत मागा. गंभीर पाप असेल तर फादरांकडे कन्फेशनला, म्हणजे पापांची कबुली द्यायला, जावंच लागतं. हे परीक्षण त्याची जागा घेत नाही. निश्चय एकच आणि नेमका करा: ‘उद्या सासूबाईंच्या पहिल्या प्रश्नाला शांत उत्तर देईन.’

एखादा दोष चिवट असेल तर संतांचीच आणखी एक युक्ती आहे. दिवसा तो दोष घडला की छातीवर हात ठेवायचा. गर्दीतही कुणाच्या लक्षात येत नाही. रात्री कॅलेंडरवर तेवढे ठिपके द्यायचे, आणि कालच्याशी आजचे ताडून बघायचे.

काम सुटलं, घरात आजारपण आलं, की प्रार्थना कोरडी पडते. तेव्हा वेळ कमी करावीशी वाटते. उलट ठरलेल्या वेळेपेक्षा दोन मिनिटं जास्त बसा. इग्नेशियस यांचा इथला नियम फार मोलाचा आहे: अंधाराच्या काळात आधी घेतलेला निर्णय बदलू नका. मन शांत असताना मुलीचं शिक्षण पुरं करायचं ठरलं असेल, तर खचलेल्या रात्री ते मोडू नका. कोरडेपणा आपल्याच आळसाने येतो, परीक्षा म्हणून येतो, किंवा सांत्वन, म्हणजे प्रार्थनेत मिळणारा आतला दिलासा, ही देवाची देणगी आहे हे शिकवायलाही येतो. पहिलं कारण असेल तर सवय सुधारा. बाकी दोन्हींत धीर धरा.

पण झोप आणि भूक दोन आठवडे उडालेली असेल, किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर हा नुसता कोरडेपणा समजू नका. जीव नकोसा वाटत असेल तर दोन आठवडे वाट न बघता त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि डॉक्टरांकडे जा. त्या दिवसांत परीक्षणातली पहिली पायरी तेवढी ठेवा, आणि शेजारी घरातलं कुणीतरी बसू द्या.