हस्तिपद ओळखताना या चुका टाळा

पावसाळा सरता सरता सह्याद्रीतल्या रानवाटांवर जांभळी फुलं दिसू लागतात आणि माझ्याकडे फोटो येतात: "ही सहदेवी ना?" बऱ्याचदा ते हस्तिपद असतं. फोटो मात्र वरून काढलेला, नुसत्या फुलाचा.

सगळ्यात जास्त चीड याच चुकीची येते. ही दोन्ही झाडं सूर्यफुलाच्या कुळातली, आणि या कुळात आपण ज्याला एक फूल म्हणतो तो स्तबक, म्हणजे इवल्या फुलांचा गुच्छ असतो. हस्तिपदाच्या एका स्तबकात फुलं साधारण चारच. असे अनेक स्तबक दाटीनं एकत्र येतात आणि त्यांच्या बुडाशी पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची, पानांसारखी हिरवी छदं असतात, बहुधा तीन. ती दिसली की शंका मिटते. सहदेवीचे स्तबक सुटे असतात, एकेकात वीसेक फुलं, आणि अशी छदं नसतातच. म्हणून मी आधी गुडघ्यावर बसते, बाजूनं बघते. फोटो नंतर.

दुसरी चूक पानांची. एका पावसाळ्यात रानभाज्यांच्या फेरीला आलेल्या काकूंनी पिशवीभर पानं खुडली. जमिनीलगत गोल पसरलेली, म्हणून मोबाईलमधल्या ॲपनं त्यांना पाथरी सांगितली होती. मी एक पान मोडलं. चीक नाही. पाथरीचं पान गुळगुळीत असतं, मोडलं की पांढरा चीक येतो. हे हस्तिपदाचं पान हाताला राठ, केसाळ. फुलं यायच्या आधीही एवढं कळतं, फक्त हात लावायची तसदी घ्यायला हवी. ॲपला पान मोडता येत नाही. हस्तिपद बहुवर्षायू आहे, मुळापासून पुन्हा फुटतं, पण त्या उतारावर त्या वर्षी फुलोरा जेमतेमच आला. मला ते अजून लागतं.

हस्तिपदाच्या गोजिव्हा या दुसऱ्या नावावर विसंबू नका, ते एकाहून अधिक वनस्पतींना लावतात. हस्तिपद हे नाव मात्र कामाचं: मल्याळममध्येही 'आनच्चुवडि', हत्तीचं पाऊल. जमिनीवर दाबून बसवल्यासारखी पानं आधी शोधा.

ओळखण्यासाठी उपटू तर कधीच नका.

फुलं सुकली तरी भिंग घेऊन जा. हस्तिपदाच्या फळाला मोजके, बहुधा पाच, ताठ केस असतात. सहदेवीच्या फळाला पांढऱ्या मऊ केसांचा झुपका.